सरकीचा शेक

माझ्या मायला घरून पिठाच्या गिरणीवर जायला पाऊण तास लागायचा. रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा. पण बाईचे तीन थांबे ठरलेले होते. पहिला टेलरच्या घरच्या ओट्यावर, दुसरा किराणा दुकानाच्या पायरीवर, तिसरा चिंचेखालच्या पारावर. प्रत्येक ठिकाणी ती बसायची, कमरेची चंची सोडायची, तंबाखूला चुना लावायची आणि समोर जे कोणी असेल त्याची विचारपूस सुरू करायची. मी दळणाचा डबा कमरेवर घेऊन उन्हात उभी. सुट्टीत गावी आले की हे रोजचंच.

"तुले दोन पावलं टाकली का बसाले लागते," मी म्हणायची. "गावाच्या साऱ्या गोष्टी तूच आयकशीन काय?"

ती हसायची. "तू चाल पुढं. मी येतोच."

आणि मी खरंच पुढे जायची. माझा स्वभाव तापट आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला आश्चर्य वाटायला नको. मी अमरावतीला शाळेत शिकवते. घंटेवर उठणारी, घंटेवर बसणारी बाई. रस्त्यात रेंगाळणाऱ्या माणसांचा मला राग येतो. तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावात लोक म्हणायचे, मास्तरीण मायवर नाही, बापावर गेली. बाप मी कॉलेजात असतानाच वारला. मी एकुलती एक. माय चार एकरांत एकटी राबत होती आणि कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी दुसरी बाई गावात नव्हती.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता आणि आसपासच्या गावांतून नको त्या बातम्या येत होत्या. ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर बाहेरगावच्या गाड्या उभ्या राहायच्या. माणसं उतरायची, फोटो काढायची, लिहून घ्यायची आणि निघून जायची. "मेलेल्याले पाह्याले एवढ्या गाड्या येतात," माय एकदा म्हणाली, "जित्या बाईले कोनी विचारत नाई का बाई, तुले काय होते." मला तो नेहमीचा टोमणा वाटला. ती स्वतःबद्दल बोलत होती हे माझ्या ध्यानातही आलं नाही. शुगरची गोळी ती सरकारी दवाखान्यातून आणायची आणि आठवली तर घ्यायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा कळलं की ती यंदा मोझरीलाही गेली नव्हती. गुरुकुंजाला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला दरसाल न चुकता जाणारी बाई. "गर्दी असते व," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली आणि फराळाच्या तयारीला लागले. शिकलेल्या माणसाला काय काय दिसत नाही, याची मला तेव्हा काही कल्पना नव्हती.

संध्याकाळी तिचे पाय चेपायला बसले आणि दचकले. डावा पाय नेहमीसारखा, उजवा मात्र घोट्याखाली गार. नखं निळसर झालेली. आमच्याकडे गारठ्यावर इलाज एकच. ढोरांसाठी सरकी, म्हणजे कापसाचं बी, घरोघरी ठेवलेली असते. ती कढईत भाजायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. बाळंतिणीच्या कमरेला सरकी, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला सरकी, पोराच्या छातीला सरकी. विटेपेक्षा ती जास्त वेळ ऊब धरते. मला लहानपणी मायनं अशीच शेकून काढली होती.

"लागते का?" मी विचारलं.

"बरं वाटते."

"लय गरम तं नाई न?"

"नाई व. ठेव अजून."

मी ठेवली. माझ्या हाताला पुरचुंडी चटकत होती म्हणून मी ती पदरात धरली होती, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आठ दिवस, रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास मी तिचा पाय शेकला. शेकता शेकता आम्ही बोलायचो. शाळेतली भांडणं, शेतातल्या बाया, बापाच्या आठवणी. इतकं आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. नवव्या दिवशी सकाळी तिच्या अंगठ्याच्या बाजूला आणि तळव्याला मोठे फोड दिसले. चप्पल चावली, ती म्हणाली. मी मलम लावून दिलं आणि सुट्टी संपली म्हणून अमरावतीला निघून आले.

फोड फुटले, पण भरले नाहीत. हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी मामाचा फोन आला. मामा अकोल्याला जठारपेठेत राहतात, कापडाच्या दुकानात कामाला होते. "अंगठा काळा पडला तुह्या मायचा," ते म्हणाले. "मी तिले अकोल्याले आनलं. तू निंघ."

अकोल्याच्या दवाखान्यातले सर्जन वयस्क होते आणि कमी बोलणारे. त्यांनी पाय उचलून उजेडात धरला. "हे भाजलेलं दिसतंय. कशानं भाजलं?"

मी तोंड उघडलं. पण माय आधी बोलली. "चुलीपाशी लागलं, डॉक्टरसाहेब. माहीच चूक."

मी तोंड मिटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

सर्जन म्हणाले, पायाला रक्तच पोचत नाही, जखम वर चढते आहे, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल. मामा लगेच हो म्हणाले. माय खाटेवर बसून आपल्या पायाकडे पाहत होती. तिच्या पोटरीवर लहानपणी गोंदलेली बारीक वेल होती, ती आता सुजेनं ताणली गेली होती. "शेवटली वेचनी बाकी हाय," ती म्हणाली. "ते झाल्यावर काढला तं चालन काय?"

त्या वॉर्डात जखमा बांधणारे एक चाचा होते. घर पिंजाऱ्याचं, गाद्या-रजया भरण्याचा वडिलोपार्जित धंदा, पण हे तीस वर्षं दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडताना त्यांनी मायच्या पायावर बोटं ठेवली. पावलावर, मग घोट्याच्या मागे, मग गुडघ्याच्या मागे. नंतर "माफ कर बहन" म्हणून जांघेत. डोळे मिटून ते बराच वेळ काही शोधत होते. मग मला वऱ्हांड्यात बोलावलं.

"बुरा मत मानना, मॅडम. जांघेत नाडी हाय. गुडघ्यामांगं नाई. म्हंजे मधातच कुठीतरी रगत अडलं. कुठी अडलं, हे पाह्यलं काय कोनं?"

"नाही."

"मंग पहले पाहा न. पाय कापाले काय, दोन दिसानं भी कापता येते." अमरावतीला एक डॉक्टर दर बुधवारी असं काम करतो, त्यांनी सांगितलं. तो जांघेतून बारीक तार घालतो आणि पडद्यावर पाहत पाहत आतली नस मोकळी करतो. चीरफाड नाही. त्यांच्या मेव्हण्याचा पाय तसाच वाचला होता. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अन् हे चुलीचं नाई. सरकीचा शेक हाय हा. मी लय पाह्यले असे. ज्या पायात रगत नाई त्याले गरमी समजत नाई. तो नुसता जळते."

कोणी शेकलं ते त्यांनी विचारलं नाही, पट्ट्यांचा ट्रे उचलला आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी वऱ्हांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. मायचा पाय मी माझ्या हातांनी जाळला होता. रडायला येत होतं, पण रडण्यानं पाय वाचणार नव्हता. मी ठरवलं की रक्त कुठे अडलं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या पायाला कोणी हात लावणार नाही.

मी सर्जनकडे गेले. ते म्हणाले, जोखीम तुमची, सही करा. मी केली. खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे असे पाय उशिराच यायचे, आणि जीव वाचवायचा तर पाय काढणं हाच त्यांना येणारा मार्ग होता. अमरावतीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहून दिली. मामा मात्र भडकले. "मास्तरीनबाई, बहिनीचा जीव घेशीन माह्या!"

"मामा, पाय तिचा हाय. तिलेच विचारू."

माय वेलीवरून बोट फिरवत बसली होती. "एक डाव पाहू दे तिले," ती म्हणाली. त्याच दुपारी आम्ही गाडी करून निघालो. पैशाचं कसं केलं ते सांगत बसत नाही, ते प्रत्येक घराला माहीत असतं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि सबंध वाटेत मी तिचा पाय मांडीवर धरून ठेवला होता. गारच होता.

अमरावतीचे डॉक्टर तरुण निघाले. त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढलं, आत नसा काढल्या आणि एका ठिकाणी पेन गिरवून नस बुजवली. माय वाकून पाहत होती. "पाटात गाळ साचला म्हना न," ती म्हणाली.

"तसंच, मावशी. मला सांगा, किती चाललं की पोटरी भरून येते?"

"टेलरच्या घरापर्यंत. मंग ओट्यावर बसलं का कमी होते. मंग दुकानापर्यंत चालता येते. मंग चिंचेपर्यंत."

"किती दिवसांपासून?"

"झाले तीनचार साल."

डॉक्टर लिहीत होते. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. तीन-चार वर्षं मी तिला रस्त्यात सोडून दळणाचा डबा घेऊन पुढे गेले होते. ती गोष्टी ऐकायला थांबत नव्हती. गोष्टी सुरू करायची ते थांबलेलं कोणाला कळू नये म्हणून.

डॉक्टरांनी गोड काही सांगितलं नाही. अंगठा जाणारच. तार गेली तर पाय वाचेल, नाही गेली तर अकोल्याचे सर्जन म्हणतात तेच करावं लागेल. नसा दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात त्यानं किडनीवर ताण येतो, आणि मायची किडनी आधीच थोडी कमजोर, म्हणून एक दिवस सलाईन देऊन मगच. मी वहीत लिहून आणलेले सगळे प्रश्न विचारले, काही दोनदा विचारले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात की पेशंट दाखवायला?"

"दोन्ही," मी म्हणाले. ते हसले आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटची अट मायसाठी होती. तंबाखू आजपासून बंद.

"पाय ठेवा अन् चंची घ्या, हा कोन्ता न्याय?" माय कुरकुरली. पण चंची तिनं माझ्या हातात दिली.

बुधवारी तिला आत घेतलं. बेशुद्ध करणार नव्हते, फक्त जांघ बधिर करणार होते. मी दिसल्याशिवाय ती स्वस्थ पडणार नाही हे डॉक्टरांनी ओळखलं होतं, म्हणून मला काचेच्या अलीकडच्या खोलीत उभं राहू दिलं. तिथे पडदा होता आणि आतलं बोलणं ऐकू येत होतं. पडद्यावर मायच्या मांडीचं हाड करड्या रंगात दिसलं. मग वरून काळी रेघ उतरत आली, मांडीच्या खालच्या टोकाला पोचली आणि तिथेच संपली. त्याखाली हाडं होती, पण रेघ नव्हती. चाचांनी बोटांनी सांगितलेली जागा तीच होती.

तार त्या जागेपर्यंत जायची आणि वळून परत यायची. डॉक्टर ती मागे घ्यायचे, थोडी फिरवायचे, पुन्हा घालायचे. किती वेळा, ते मी मोजलं नाही. तास तरी गेला असेल. माय आतून म्हणाली, "पाठ दुखून आली व." मी काचेला लागून ओरडले, "माय, हलू नको!"

"मी कुठी हलून राह्यलो? तूच काच फोडशीन."

मग डॉक्टर थांबले. "वरून जात नाही," ते म्हणाले. मामाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, सही केलेला कागद आला. पण डॉक्टरांनी हातमोजे काढले नाहीत. "आता खालून येऊ." त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र तिच्या पावलावर धरलं आणि दोऱ्याएवढी बारीक नस शोधून तिच्यात सुई घातली. दुसरी तार पायाकडून वर चढू लागली. नडगी, गुडघा, मग ती बुजलेली जागा. खालची तार तिथे थोडी अडली आणि पार झाली. आतून कोणीतरी "गेली" म्हणालं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

मग त्या तारेवरून बारीक फुगा नेऊन नस आतून रुंद केली, आणि पुन्हा औषध सोडलं. या वेळी रेघ थांबली नाही. गुडघ्याच्या मागून गेली, नडगीशेजारून उतरली, घोट्यापाशी फाटे फुटले आणि ती पावलात पसरली. त्याच क्षणी माय मोठ्यानं म्हणाली, "कोन शेकून राह्यलं व? पायाले शेक लागून राह्यला!"

"कोणी शेकत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "औषध गरम लागतं. ते आता पायापर्यंत पोचलं."

आठ दिवस मी त्या पायाला सरकी धरली होती आणि त्याला काही कळलं नव्हतं. मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आतल्या एका बाईनं खुर्ची आणून दिली, ती मला दिसलीही नाही.

अंगठा पुढे अकोल्याच्या त्याच सर्जननी काढला. त्यांनी पाऊल बोटानं दाबून सोडलं, रंग परत येताना पाहिला आणि "गरम आहे" एवढंच म्हणाले. चाचांनी मात्र माझी दोन बोटं धरून मायच्या पावलावर ठेवली. काही लागेना. "दाबू नका, नुसती ठेवा." मग बोटांखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. मी कितीतरी वेळ बोटं काढली नाहीत.

जखम भरायला उन्हाळा आला. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या आणि रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, असं बजावलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते. सकाळच्या उन्हात आम्ही दळण घेऊन निघालो. टेलरचं घर आलं, माय थांबली नाही. टेलरची बायको ओट्यावर आली. "काहून व, राग आला काय? पाय नीट झाला तं बाई मोठी झाली. आता बसत नाई."

"मंग येतो," माय म्हणाली आणि चालत राहिली. दुकान गेलं. चिंच गेली. डबा माझ्या कमरेवर होता आणि धाप मलाच लागली होती.

गिरणीवर नंबर होता. आम्ही बाकावर बसलो. इतके महिने लपवलेलं मी तिथे बोलले. "माय, चुलीपाशी नोतं लागलं तुले. मी भाजला तुहा पाय. सरकीनं."

"मले मालूम हाय."

"तुले लागत नोतं तं सांगाचं नाई? बरं वाटते, बरं वाटते, काहून म्हनत होती मंग?" मला राग आला, आणि तोही तिच्यावरच. माझा स्वभाव.

ती गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे पाहत होती. गिरणीच्या आवाजात तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"पायाले काईच लागत नोतं. पन तू बसत होती न जवळ, अर्धा अर्धा घंटा. लागत नाई म्हनलं असतं, तं तू उठून गेली असती."

आमचा नंबर आला. मी उठले नाही, म्हणून तीच उठली. पीठ डब्यात भरून घेतलं, डबा स्वतःच्या कमरेवर घेतला आणि चालू लागली. परतीच्या वाटेवर ती पुढे आणि मी मागे. चिंच गेली, दुकान गेलं. टेलरच्या ओट्यापाशी मी थांबले आणि बसले.

ती मागे वळली. "काय झालं व? पाय दुखते काय?"

"नाई," मी म्हणाले. "बस थोडी."

तिनं डबा खाली ठेवला आणि माझ्या बाजूला बसली.